न्याहारीच्या वेळच्या बातम्या

सकाळची वेळ म्हणजे घरातली सर्वांत घाईची वेळ. कुणी गोठ्यात असतो, कुणी चुलीपाशी, कुणी शाळेला निघालेल्या पोराच्या सदऱ्याची गुंडी लावीत असतो. कोनाड्यातला रेडिओ आपला बोलत राहतो आणि आपण तो ऐकतो न ऐकतो. पावसाचा अंदाज आला की कान टवकारतात, बाजारभाव आले की हातातले काम क्षणभर थांबते, आणि पुन्हा आपण कामाला लागतो. रेडिओला याचा राग येत नाही. त्याला आपले फक्त कान हवे असतात. टेलिव्हिजनचे तसे नाही. तो डोळेही मागतो. आणि सकाळच्या प्रहरी डोळे मोकळे असतात कुणाचे?

वाचकहो, हा प्रश्न दिसायला साधा आहे. परंतु ज्या इंग्लंडने जगात सर्वांत आधी नियमित दूरचित्रवाणी सुरू करणाऱ्या देशांत मान मिळवला, त्या देशाला तो सोडवायला सेहेचाळीस वर्षे लागली. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली. आणि न्याहारीच्या वेळी देशभर दिसणारा बातम्यांचा पहिला कार्यक्रम सुरू झाला तो १७ जानेवारी १९८३ रोजी! मधल्या काळात महायुद्ध झाले, साम्राज्य गेले, माणूस चंद्रावर जाऊन आला. पण इंग्रज माणूस सकाळी टोस्ट खाताना टेलिव्हिजन लावीत नव्हता.

यंत्राची अडचण होती असे म्हणावे, तर तेही नाही. अमेरिकेत एनबीसी या कंपनीने १४ जानेवारी १९५२ पासून ‘टुडे’ नावाचा सकाळचा कार्यक्रम चालू केला होता आणि तो उत्तम चालला होता. मग इंग्लंडचे घोडे अडले कुठे?

एक तर सरकारच्या दारात. दूरचित्रवाणीने दिवसाचे किती तास बोलावे हे तिथे पोस्टखात्याचा मंत्री ठरवीत असे. आपल्याला आज गंमत वाटेल, पण १९५७ च्या फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळी सहा ते सात हा तास पडदा कोराच ठेवीत. का? तर तेवढ्या वेळात आयांनी लहान मुलांना झोपवावे आणि थोरल्यांना अभ्यासाला बसवावे म्हणून. तासांवरची ही बंधने १९७२ च्या जानेवारीत उठली. त्यानंतरही १९७३-७४ च्या हिवाळ्यात कोळशाची टंचाई आली, तेव्हा वीज वाचवण्यासाठी काही आठवडे रात्री साडेदहालाच प्रक्षेपण बंद करावे लागले. जिथे रात्रीचे तासच मोजून मिळत, तिथे सकाळचे कोण मागणार?

दुसरी अडचण सवयीची. इंग्रजाच्या दाराशी भल्या पहाटे वर्तमानपत्र टाकायला पोरगा येई. स्वयंपाकघरात रेडिओ असे. त्यावर बीबीसीचा ‘टुडे’ कार्यक्रम २८ ऑक्टोबर १९५७ पासून लागत असे. अमेरिकेतल्याशी नाव जुळते, नाते मात्र काही नाही. आणि सकाळी सकाळी टेलिव्हिजनसमोर बसणाऱ्याकडे, आपल्या गावात दिवस उगवताच पारावर पत्त्यांचा डाव मांडणाऱ्याकडे जसे पाहतात, तसे पाहिले जाई.

पहिली खिंड पडली ती लंडनमध्ये नव्हे, तर उत्तरेकडे. २८ मार्च १९७७ पासून लीड्सच्या यॉर्कशायर टेलिव्हिजनने आणि न्यूकासलच्या टाइन टीज टेलिव्हिजनने आपापल्या प्रांतापुरता सकाळचा छोटा कार्यक्रम करून पाहिला. नऊ आठवड्यांचाच प्रयोग होता तो. पण त्यावरून एक गोष्ट कळून आली : दाखवणारा असला, तर पाहणारेही असतात.

जाहिरातींवर चालणाऱ्या दूरचित्रवाणीवर देखरेख करणारी तेव्हाची संस्था म्हणजे इंडिपेंडंट ब्रॉडकास्टिंग अथॉरिटी. आपण तिला नुसते प्राधिकरण म्हणू. या प्राधिकरणाने ठरवले की सकाळची वेळ एका स्वतंत्र कंपनीला द्यायची. आठ अर्ज आले. २८ डिसेंबर १९८० रोजी निकाल लागला आणि परवाना मिळाला ‘टीव्ही-एएम’ या नव्या कंपनीला. ‘एएम’ म्हणजे घड्याळातली सकाळ.

या कंपनीने उभे केलेले लोक पाहिले तर कुणाचाही विश्वास बसावा. डेव्हिड फ्रॉस्ट, म्हणजे माजी अमेरिकन अध्यक्ष निक्सन यांची १९७७ मधली गाजलेली मुलाखत घेणारे. मायकेल पार्किन्सन, गप्पांच्या कार्यक्रमाचे बादशहा. अँजेला रिपन आणि अ‍ॅना फोर्ड, बीबीसीच्या आणि आयटीएनच्या रात्रीच्या बातम्यांतून घराघरांत पोहोचलेल्या. आणि रॉबर्ट की, आयर्लंडच्या इतिहासावर मोठी चित्रमालिका करणारे पत्रकार. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘प्रसिद्ध पाच’ असे नावच देऊन टाकले. कंपनीचे प्रमुख होते पीटर जे. हे ‘टाइम्स’चे अर्थविषयक लेखक, पुढे अमेरिकेतले ब्रिटनचे राजदूत.

या जे साहेबांचा एक सिद्धान्त होता, आणि माझ्या मते या सगळ्या कथेचा गाभा तोच आहे. १९७५ साली जॉन बर्ट यांच्याबरोबर त्यांनी ‘टाइम्स’मध्ये लिहिले होते की टेलिव्हिजनच्या बातम्यांचा खरा दोष पक्षपात हा नाही. त्या समजूत वाढवत नाहीत, हा आहे. संप झाला, भाव चढले, कारखाना बंद पडला असे तुकडे तुकडे दाखवतात; पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे कुणी सांगत नाही. तेव्हा बातमी नुसती द्यायची नाही, ती समजावून द्यायची. ‘समजावण्याचे व्रत’ असे काहीसे त्याचे मराठी करता येईल. हे शब्द पुढे त्यांच्या कंपनीच्या कपाळी चिकटले ते कायमचेच.

मी स्वतः मास्तर माणूस. मला हे व्रत मनापासून पटते. पण मी पहाटेच्या कॉलेजातही शिकवले आहे. साडेसातचा पहिला तास, पोरे अर्धी झोपेत, कुणी बस गाठायला डबा न घेताच धावत आलेला. त्यांना पानिपतच्या लढाईची आर्थिक कारणे समजावू लागलो की त्यांच्या डोळ्यांत जे दिसते, ते शिक्षकबंधूंना सांगायला नको. तेच कारण अकरा वाजता सांगितले तर तीच पोरे वही उघडतात. विषय तोच, मास्तर तोच. वेळ मात्र निराळी.

टीव्ही-एएमची तयारी चालू होती. लंडनच्या कॅम्डेन भागात कालव्याकाठी एक जुने मोटार-गॅरेज होते. टेरी फॅरेल या वास्तुशिल्पज्ञाने त्याचा स्टुडिओ केला आणि छताच्या कडेला मोठमोठे अंड्याचे पेले बसवले. इंग्रज लोक सकाळी उकडलेले अंडे एका बुटक्या पेल्यात उभे ठेवून चमच्याने खातात. तो पेला म्हणजे त्यांच्या न्याहारीची खूणच. इमारत झोकदार झाली. पण प्राधिकरणाला आधी चॅनेल फोर ही नवी वाहिनी मार्गी लावायची होती. ती २ नोव्हेंबर १९८२ ला सुरू झाली. सकाळच्या कंपनीने त्यानंतर यावे असे ठरले होते.

आणि इथे बीबीसीने डाव साधला. बीबीसीला परवान्याची वाट पाहायची नव्हती आणि जाहिराती गोळा करायच्या नव्हत्या. तिचा खर्च लोकांच्या परवाना-शुल्कातून चालतो. दुसरा येतो आहे असे दिसताच तिने आपलाच कार्यक्रम आधी उभा केला. नाव ‘ब्रेकफास्ट टाइम’, संपादक रॉन नील, जागा लाइम ग्रोव्हचा जुना स्टुडिओ. १७ जानेवारी १९८३ रोजी सकाळी साडेसहा वाजता पडदा उजळला.

लोकांची अपेक्षा अशी की बीबीसी म्हणजे कडक इस्त्री, टाय आणि टेबल. निघाले भलतेच. लाल रंगाचा ऐसपैस कोच, आणि त्यावर घरच्यासारखे बसलेले फ्रँक बॉ, सेलिना स्कॉट आणि निक रॉस. बॉ यांची हयात खेळांचे कार्यक्रम करण्यात गेलेली. ते लोकरीचा स्वेटर घालून बसत. हवामान सांगणारे फ्रान्सिस विल्सन हे शेजाऱ्याशी बोलावे तसे बोलत. हिरवा पोशाख घातलेल्या डायाना मोरन लोकांकडून व्यायाम करून घेत. रसेल ग्रँट राशिभविष्य सांगत. बीबीसीवर राशिभविष्य! जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला असेल.

पण यामागे एक बारीक हिशेब होता. सकाळी कुणी तास-दीड तास बसत नाही. कुणी दहा मिनिटे पाहतो, कुणी वीस. म्हणून बातम्या ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा यायच्या. जो जेव्हा येईल त्याला मुख्य मुद्दे कळायचे. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ कायम. डोळे तव्यावर असले तरी कानांना समजेल असे बोलायचे. म्हणजे नीट पाहिले तर बीबीसीने टेलिव्हिजनला रेडिओसारखे वागायला शिकवले होते. माझ्या मते त्या लाल कोचापेक्षा या घड्याळात जास्त शहाणपण होते.

पंधरा दिवसांनी, १ फेब्रुवारी १९८३ रोजी, टीव्ही-एएम आले. सहा वाजता रॉबर्ट की यांचा ‘डेब्रेक’ हा गंभीर वृत्तकार्यक्रम, त्यामागून फ्रॉस्ट यांचा ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’. माणसे नामांकित आणि विद्वान, आणि व्रत समजावण्याचे. प्रेक्षक मात्र तोवर बीबीसीच्या कोचावर जाऊन बसले होते. थोड्याच आठवड्यांत टीव्ही-एएमचा प्रेक्षक तीन लाखांच्या आसपास उतरला. बीबीसीचा त्याच्या कितीतरी पट होता. त्यातच जाहिरातींत काम करणाऱ्या नटांच्या मोबदल्यावरून त्यांच्या संघटनेचा आणि जाहिरात कंपन्यांचा तंटा पेटलेला. त्यामुळे चॅनेल फोर आणि टीव्ही-एएम या दोन्ही ठिकाणी जाहिरातींचा दुष्काळ. प्रेक्षक नाही आणि पैसाही नाही, अशी अवस्था.

मग जे होते ते झाले. १८ मार्चला पीटर जे यांनी राजीनामा दिला. उद्घाटनाला पुरते सात आठवडेही झाले नव्हते. कंपनीच्या नाड्या एटकेन या चुलतभावांच्या हाती गेल्या. त्यांतले जोनाथन एटकेन हे हुजूर पक्षाचे खासदार. एप्रिलमध्ये अ‍ॅना फोर्ड आणि अँजेला रिपन यांना काढून टाकले. पुढे एका मेजवानीत फोर्डबाईंनी जोनाथन एटकेन यांच्या अंगावर मद्याचा पेला रिकामा केला, आणि आयुष्यभर बातम्या सांगणारी बाई स्वतःच बातमी झाली. कंपनीची पत इतकी खालावली की वर्तमानपत्रे पुरवणाऱ्या दुकानदाराने उधारी बंद केली. वार्ताहर परिषद चालू असताना थकलेल्या बिलापायी वीज तोडायला वीजकंपनीचा माणूस दाराशी उभा, असाही प्रसंग आला. ज्यांनी देशाला अर्थकारण समजावायचे, त्यांच्या घरचा हा हिशेब!

बुडते जहाज वाचवले कुणी? एका उंदराने. हे मी अलंकारिक बोलत नाही. १९८३ च्या ईस्टरच्या सुट्टीत मुलांसाठी म्हणून ‘रोलंड रॅट’ नावाची उंदराची बाहुली पडद्यावर आणली गेली. ही कल्पना मुलांच्या विभागाच्या संपादिका अ‍ॅन वुड यांची. मुले टेलिव्हिजन लावू लागली आणि आयांनी तो बंद केला नाही. बुडत्या जहाजातून उंदीर आधी पळतात म्हणतात. इथे उंदीर चढला आणि जहाज तरंगले, ही थट्टा त्या वेळी इंग्लंडात सर्वांच्या तोंडी होती. याच सुमारास ग्रेग डाइक हे संपादक म्हणून आले. त्यांनी उन्हाळ्यात कार्यक्रम समुद्रकिनाऱ्यावर नेला, कोचावर अ‍ॅन डायमंड आणि निक ओवेन ही दोन प्रसन्न चेहऱ्यांची माणसे बसवली, स्पर्धा, पाककृती, नटनट्या असा सगळा मसाला घातला. पुढच्या वर्षापर्यंत टीव्ही-एएम बीबीसीच्याही पुढे निघून गेले. समजावण्याचे व्रत केव्हाच गुंडाळले गेले होते.

इथपर्यंतची कथा ऐकून कुणीही म्हणेल की निकाल लागला : सकाळी माणसाला बातमी नको, सोबत हवी. मीही कदाचित तसेच म्हटले असते. पण १२ ऑक्टोबर १९८४ ची सकाळ मध्ये आली.

ब्रायटन या समुद्रकाठच्या शहरात हुजूर पक्षाचे वार्षिक अधिवेशन भरले होते. पंतप्रधान मार्गारेट थॅचर आणि त्यांचे बरेचसे सहकारी ग्रँड हॉटेलात उतरले होते. रात्री दोन वाजून चोपन्न मिनिटांनी हॉटेलात बॉम्ब फुटला. आयरिश रिपब्लिकन आर्मीच्या माणसाने तो काही आठवडे आधी खोटे नाव सांगून, तिथे राहून, पुष्कळ दिवसांचे घड्याळ लावून दडवलेला होता. दर्शनी भागाचा मधला भाग कोसळला. पाच माणसे गेली. थॅचरबाई वाचल्या. मंत्री नॉर्मन टेबिट ढिगाऱ्याखाली तासन् तास अडकून पडले होते.

ब्रिटिश सरकारचेच मुंडके उडवण्याचा हा यत्न होता. देश जागा होत होता आणि पहिल्यांदाच असे घडत होते की एवढ्या मोठ्या घटनेच्या सकाळी लोकांच्या हाताशी टेलिव्हिजन होता. बीबीसीने ‘ब्रेकफास्ट टाइम’मध्ये थेट घटनास्थळाची चित्रे दाखवली. टेबिट यांना अग्निशामक दलाचे लोक ढिगाऱ्यातून कसे बाहेर काढताहेत हे लोकांनी घरी बसून पाहिले. आणि टीव्ही-एएम? खर्च वाचवता वाचवता त्यांनी बातम्यांचा विभाग इतका रोडावला होता की त्यांचे वार्ताहर जॉन स्टेपलटन हे टेलिफोनवरून बोलत होते, आणि प्रेक्षकाला पाहायला तिथले चित्रच नव्हते. त्या सकाळी उंदीर कामाला आला नाही.

प्राधिकरणाने कंपनीला चांगलेच फैलावर घेतले. बातम्यांवर पैसा खर्च करा, नाही तर परवान्याचा विचार करावा लागेल, अशी ताकीद मिळाली. कंपनीने मग वृत्तविभाग सुधारला. रोजच्या सकाळी माणसाला सोबत पुरते, हे खरेच. परंतु ज्या दिवशी गावावर काही कोसळते, त्या दिवशी तो सोबत्याकडे वळून विचारतो, काय झाले? आणि सोबत्याला ठाऊक नसेल, तर त्या सोबतीचे करायचे काय? जे साहेब चुकले होते ते वेळेच्या बाबतीत. मुद्द्यात ते अगदीच चुकले नव्हते, असे मला तरी वाटते.

टीव्ही-एएमची सूत्रे तोवर ब्रूस गिंजेल या गृहस्थाकडे आली होती. हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे. १९५६ मध्ये सिडनीच्या टेलिव्हिजनवर पहिल्या दिवशी लोकांचे स्वागत करणारा चेहरा त्यांचाच. आनंदी रंगांचा आणि काटकसरीचा सोस असलेला हा माणूस. २३ नोव्हेंबर १९८७ रोजी त्यांच्या तंत्रज्ञांनी चोवीस तासांचा संप केला. दुसऱ्या दिवशी ते परतले तर दार बंद! गिंजेल यांनी व्यवस्थापक, कारकून, टंकलेखक यांना कॅमेऱ्यामागे उभे केले आणि उरलेल्या वेळात ‘बॅटमॅन’सारख्या जुन्या अमेरिकन मालिका लावल्या. मौज अशी की प्रेक्षक फारसे हटले नाहीत. १९८८ च्या फेब्रुवारीत २२९ तंत्रज्ञांना बडतर्फ करण्यात आले. कंपनी भरभराटीला आली. कामगार-संघटनांशी झुंजणाऱ्या थॅचरबाईंना गिंजेल यांचे केवढे कौतुक! मला मात्र ही गोष्ट वाचताना त्या २२९ घरांची आठवण होते. बॅटमॅनने त्यांची जागा भरून काढली, एवढेच त्यांच्या कौशल्याचे मोल ठरले काय?

थॅचरबाईंच्या सरकारचे म्हणणे असे की दूरचित्रवाणीच्या धंद्यात जुने हितसंबंध माजले आहेत. तिथे बाजाराचा वारा खेळला पाहिजे. १९९० साली नवा कायदा झाला. त्यानुसार जाहिरातींवरच्या वाहिन्यांचे परवाने जवळपास लिलावाने द्यायचे ठरले : गुणवत्तेची अट पार करणाऱ्यांत जो जास्त बोली लावील, त्याला परवाना. बोली पाकिटात बंद. दुसऱ्याने किती लावली हे कुणालाच ठाऊक नाही.

१६ ऑक्टोबर १९९१ रोजी पाकिटे फुटली. टीव्ही-एएमने वर्षाला १ कोटी ४१ लाख पौंडांच्या आसपास देऊ केले होते. ‘सनराइज’ नावाच्या नव्या गटाने ३ कोटी ४६ लाख! म्हणजे जवळजवळ अडीच पट. टीव्ही-एएम गेले. ज्या कंपनीला थॅचरबाई आदर्श मानीत, तीच त्यांच्या कायद्याने पहिल्या तडाख्यात उडाली. त्या स्वतः तोवर, १९९० च्या नोव्हेंबरात, पायउतार झाल्या होत्या. त्यांनी गिंजेल यांना खाजगी पत्र लिहून दुःख कळवले आणि हा कायदा आपल्याच कारकिर्दीत झाला याची खंतही बोलून दाखवली. गिंजेल यांनी ते पत्र लोकांसमोर वाचून दाखवले. खाजगी पत्र चारचौघांत वाचावे की न वाचावे हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला असे कागद वारंवार मिळत नाहीत.

३१ डिसेंबर १९९२ रोजी टीव्ही-एएम बंद झाले. दुसऱ्याच सकाळी सनराइज गट ‘जीएमटीव्ही’ हे नाव घेऊन पडद्यावर आला. स्काय न्यूज या उपग्रह-वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमाचे नाव आधीच ‘सनराइज’ होते, म्हणून हा बदल.

चॅनेल फोरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती जुन्याच गोष्टीचा दुसरा प्रयोग आहे. तिने ३ एप्रिल १९८९ ला ‘चॅनेल फोर डेली’ नावाचा गंभीर, परदेशांतून बातम्या आणणारा सकाळचा कार्यक्रम काढला. प्रेक्षक आले नाहीत. मग २८ सप्टेंबर १९९२ पासून पूर्व लंडनमधल्या कालव्याच्या राखणदाराच्या जुन्या घरातून ‘बिग ब्रेकफास्ट’ हा धांगडधिंगा सुरू झाला. क्रिस एव्हान्स आणि गॅबी रॉस्लिन यांनी तो असा रंगवला की तरुण पोरांनी डोक्यावर घेतला. २९ मार्च २००२ पर्यंत तो चालला. बातम्या त्यात असत, पण भाजीतल्या कोथिंबिरीएवढ्या.

बीबीसीची कोलांटउडी याहून मनोरंजक आहे. कोच आणून जिने लोकांना जिंकले, तिनेच १९८६ च्या नोव्हेंबरात कोच काढून टेबल आणले. २ ऑक्टोबर १९८९ पासून तर कार्यक्रमाचे नावच ‘ब्रेकफास्ट न्यूज’ झाले, आणि तो रात्रीच्या बातम्यांसारखा कोट-टाय घालून बसला. बीबीसीच्या वार्ताविभागाची सूत्रे त्या वेळी कुणाकडे होती म्हणता? जॉन बर्ट यांच्याकडे, म्हणजे १९७५ साली पीटर जे यांच्याबरोबर ‘टाइम्स’मध्ये लिहिणारे तेच. व्रत जे साहेबांच्या कंपनीत बुडाले होते, ते असे प्रतिस्पर्ध्याच्या घरी तरंगत निघाले. ११ वर्षे ‘ब्रेकफास्ट न्यूज’ टिकले. २ ऑक्टोबर २००० पासून ‘बीबीसी ब्रेकफास्ट’ हा नवा कार्यक्रम आला आणि कोच परतला.

पुढचे तपशील वेगाने सांगण्यासारखे आहेत. जीएमटीव्ही २०१० च्या सप्टेंबरात संपले. त्याच्या जागी आलेले ‘डेब्रेक’ साडेतीन वर्षांत गुंडाळले. नाव रॉबर्ट की यांच्या कार्यक्रमाचे, आणि ते याही खेपेला लाभले नाही! २८ एप्रिल २०१४ पासून तिथे ‘गुड मॉर्निंग ब्रिटन’ सुरू झाले. हे नावही टीव्ही-एएमच्याच पेटीतले. यांनी कोच नाकारून लांबलचक टेबल घेतले. या टेबलाशी पियर्स मॉर्गन हे मतांचे फटकारे मारीत बसत. ९ मार्च २०२१ रोजी राजघराण्यातील सूनबाईंविषयीच्या त्यांच्या बोलण्यावरून सहकाऱ्याशी खटका उडाला आणि ते चालू कार्यक्रमातून उठून गेले. त्याच दिवशी त्यांनी ती जागाही सोडली. सकाळच्या टेबलावर बातमी आणि सोबत यांच्या जोडीला आता भांडणही आले होते.

बीबीसीचा कार्यक्रम २०१२ च्या एप्रिलात लंडन सोडून उत्तरेत, मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डला गेला. लंडनबाहेर गेले तर मोठे पाहुणे कोण यायला बसलेत, अशी ओरड तेव्हा झाली. पाहुणे येत राहिले. १९७७ साली लीड्स आणि न्यूकासल इथे जे नऊ आठवडे करून पाहिले, ते पुन्हा उत्तरेत आले एवढेच. सकाळी सहाला कार्यक्रम लागतो. कोच अजून लाल आहे, आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ आहे.